धाकटीची वेबसाइट, थोरलीची खोली

धाकटीच्या वेबसाइटचं आख्खं आरोग्यकेंद्र गुणगान गात होतं आणि थोरलीचा जळफळाट होत होता.

दोघी जावा, एकाच घरात वर-खाली राहणाऱ्या, आणि नशीब बघा, नोकरीही एकाच ठिकाणी. थोरली समुपदेशक. शाळकरी पोरापोरींची सिगारेट सोडवायची, हे तिचं काम. केंद्राच्या वरच्या खोलीत, वजनकाट्याच्या बाजूला, ती खुर्च्या गोल मांडायची आणि दर गुरुवारी पोरांना बोलतं करायची. मागाहून धाकटी कॉम्प्युटरच्या कामावर लागली आणि तिने याच कामाची वेबसाइट काढली. टोपणनाव घ्या, मनातलं लिहा, उत्तर मिळेल. बघता बघता पोरं तिकडे वळली. वरची खोली ओस पडली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी अगदी गोड आवाजात सांगून टाकलं, की आता कुणी फिरकलं नाही तर ती खोली दुसऱ्या विभागाला जाईल.

घरी सासूबाईही धाकटीचंच कौतुक करत. थोरली तेवढ्या वेळात भाजी जरा जोरातच चिरायची. तिथे नुसते उपदेश टाकले असणार, असं ती नवऱ्याला म्हणाली, तर तो म्हणाला, वाचून तरी बघ. तेही तिला झोंबलं.

मग तिने ठरवलं, हिचं पितळ उघडं पाडायचं. दुपारच्या सुट्टीत ती 'काडेपेटी' असं नाव घेऊन वेबसाइटवर शिरली. लिहिलं, मी दहावीतला मुलगा. सोडायचीय, पण तलफ आली की हात थरथरतात. धाकटी काहीतरी ठोकळेबाज उत्तर देणार आणि ते डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, असा बेत.

उत्तर आलं, फक्त काडेपेटीला दिसेल असं. दिवसातली पहिली ओढतोस तेव्हा बरोबर कोण असतं, असं विचारलं होतं. आणि पुढे, "तलफ म्हणजे आगंतुक पाहुणा. बसायला खुर्ची देऊ नकोस, उभ्या उभ्या कंटाळून जाईल."

थोरलीचं डोकंच फिरलं. हे तिचं वाक्य होतं. त्याच खोलीत सुचलेलं, किती पोरांना ऐकवलेलं. पुढचं न वाचताच तिने वेबसाइट बंद केली.

संध्याकाळी धाकटीला जिन्यातच गाठलं. "माझी पोरं नेलीस ती नेलीस, आता माझं बोलणंही पळवलंस? पाहुण्याला खुर्ची देऊ नकोस म्हणे."

धाकटी कपड्यांची बादली घेऊन होती तिथेच थांबली. "ताई, ते मी एकाच मुलाला लिहिलं होतं."

थोरलीने नजर बादलीतल्या कपड्यांकडे वळवली.

"हात थरथरतात म्हणाला आणि गप्पच झाला. दुपारपासून जीव टांगणीला लागलाय माझा. आणि तो तुम्ही?" तिचे डोळे भरून आले, रागाने की हायसं वाटून, कळेना. "खालचं वाचलंत तरी का?"

नव्हतं वाचलं. धाकटीने फोन पुढे धरला. उत्तराच्या खाली लिहिलं होतं, "हे वाक्य माझ्या जाऊबाईंचं आहे. मी नुसती लिहिते, त्या समोर बसून ऐकतात. गुरुवारी वरच्या खोलीत असतात, नाव विचारत नाहीत. एकदा जा."

थोरलीला लाज वाटली. पण लाजेच्याही आधी पोटात दुखलं ते याचं, की आपल्याच खोलीबद्दल आपल्याला असं कधी सांगता आलं नव्हतं.

"एकट्याला सांगून काय उपयोग," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांना दिसेल असं टाक."

"टाकते. आणि काडेपेटीला काय कळवू?"

"खोटारडा आहे तो, काढून टाक त्याला." थोरलीने बादलीची कडी दुसऱ्या बाजूने धरली. "आणि नुसतं जाऊबाई काय लिहितेस? थोरल्या जाऊबाई लिही."