गोल निवडुंगाच्या दोन फोडी

आमच्या टॅला गावाहून आई आणि मी सकाळी निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि मी मनात पुन्हा पुन्हा उजळणी करत होते: पासपोर्ट, आरटीपीसीआरचा रिपोर्ट, बॅगांची वजनं. २०२१ चा ऑगस्ट. तीन महिन्यांसाठी आलेली आई दीड वर्ष माझ्याकडे अडकली होती. तिकडे बार्शीत बाबा एकटे, स्वतःच्या हातच्या करपलेल्या भाकऱ्या खात. तिकीट तीनदा रद्द झालं, आता कुठे परवाचं विमान नक्की होतं. दीड वर्षात बाईने आयर्लंडमध्ये पाहिलं काय, तर आमची गल्ली आणि सुपरमार्केट. म्हणून गाडी लिमरिक शहराच्या रस्त्याला घातली.

दोन्ही बाजूंना नुसती हिरवी कुरणं. आई म्हणाली, "कडबा इकत घ्यावा लागत नसंल हितल्या लोकास्नी."

लिमरिकच्या अलीकडे एका पाटीवर निवडुंगाचं चित्र दिसलं आणि ती ओरडली, "थांब, थांब!" आत पॅट नावाच्या सत्तरीतल्या गृहस्थांचं काचघर होतं. बाहेर गारठा, आत चक्क वैशाख. आईचा चेहरा असा खुलला की मला जरा वाईटच वाटलं. मधोमध पिंपासारखे गोल, कमरेएवढे निवडुंग बसले होते. इथे त्यांना बॅरल कॅक्टस म्हणतात. एकाचं बूड सडलं होतं, म्हणून पॅटनी तो कापून टेबलावर ठेवला होता. ते चहा आणायला गेले, मी फोटो काढत राहिले. वळून बघते तर आईचा मास्क हनुवटीवर, तोंड चालू!

"काय खातेस?"

"ह्योच की निवडुंग. चीक न्हाई आला. चीक न्हाई म्हंजी इख न्हाई. कोहळ्यावानी लागतंय, जरा आंबूस. मीठ पायजे हुतं."

आमच्या गावाकडच्या शेराच्या झुडपाला बोट लावलं तरी पांढरा चीक गळतो, आणि तो विषारी. या एका परीक्षेवर आईने मेक्सिकोचा निवडुंग पास केला होता.

पॅट ट्रे घेऊन आले आणि थबकलेच. "किती खाल्लं?"

"दोन फोडी," आईला विचारून मी सांगितलं.

"फळ खाल्लं असतं तर प्रश्न नव्हता. गराच्या रसाने मळमळतं, जुलाब होतात. सिनेमात तहानलेली माणसं हा कापून पाणी पितात ना, ती सगळी थाप. पण दोनच फोडी ना? ती ग्रँड असेल." (ग्रँड म्हणजे इथे 'उत्तम'पासून 'मरणार नाही'पर्यंत काहीही.) "तरी दोन तास इथेच बसा."

माझं डोकंच फिरलं. "आई, परवा विमान आहे! जुलाब होणाऱ्या माणसाला कोण चढू देईल?"

आई पोटावर हात ठेवून बसली. "आता गं? तिकडं बार्शीत ह्यांनी तर दाराला तोरण बी आणून ठेवलंय."

आम्हाला गुंतवायला म्हणून पॅट बोलत राहिले. निवडुंगाच्या डोक्यावरचं पिवळं फळ तोडून त्यांनी मला चाखायला दिलं. लिंबासारखं आंबट. आतल्या काळ्या बिया भाजून दळतात म्हणे. वाकड्या काट्यांचे मासे धरायचे गळ होत, सरळ काट्यांनी चामडं शिवत. गर पाकात शिजवून मेक्सिकोत मिठाई करत. म्हणजे आपला पेठाच की! पण झाडं संपत चालली, म्हणून आता बंदी आहे.

आईने चार सरळ काटे मागून घेतले, दारातल्या झाडाची रुंद पानं तोडली आणि टोचून टोचून पत्रावळ केली. पॅटनी तिच्यात बिस्किटं मांडली. माझं लक्ष मात्र घड्याळाकडे. दर दहा मिनिटांनी माझं एकच, "काही होतंय का?"

"तू इचारतीस तवा हुतंय," आई करवादली.

दोन तास झाले, वर पंधरा मिनिटं झाली. मग ती म्हणाली, "भूक लागली." देवा रे! मी धपाट्यांचा डबा उघडला. पॅटनी दोन खाल्ले, नाक पुसत तिसरा मागितला. कोरोना नसता तर मी त्यांना मिठीच मारली असती.

परतताना आई मागच्या सीटवर पेंगत होती. बाबांचा फोन आला.

"तब्येत बरी हाय ना तिची?"

"ठणठणीत. परवा निघतेय."

ते "बरं" म्हणाले आणि विमानाची वेळ त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतली. फोन ठेवला आणि माझ्या ध्यानात आलं की काचघरात दोन तास मी अंबाबाईला एकच मागत होते: आईला जाऊ दे. कुठली मुलगी असं मागते? देवीने ऐकलंही. "सुटले बाई," असं मोठ्याने म्हटलं, आणि रडूच फुटलं. गाडी कडेला घ्यावी लागली.

आईने डोळे उघडले. "काय झालं? पोटात दुखतंय व्हय? तू बी खाल्लंस की त्ये फळ."

"नाही गं," मी म्हटलं. "तू झोप."

ती झोपली नाही. मागून हात पुढे करून माझ्या पोटावर ठेवला आणि टॅला येईपर्यंत काढला नाही.