दसऱ्याला दिलेला चौकोन

निता मंगरूळपीरला माझ्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. मूळची अनसिंगची. रोज सकाळच्या एस.टी.ने इंझोरीकडच्या एका तांड्यावर शाळेत शिकवायला जाते. बोलायला फटकळ, पण मुलांवर जीव टाकणारी. दसरा झाला की तांड्यातली काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, मुलंही सोबत जातात आणि अभ्यास बुडतो. यंदा तिने उपाय काढला. पाढे, कविता, गणिताचे व्हिडिओ, सगळ्यांच्या लिंका एका पानावर जमवल्या. इंटरनेटवरच्या एका फुकट सेवेतून त्या पानाची छोटी लिंक करून घेतली आणि तिचा क्यूआर कोड जाड कागदावर छापून जाणाऱ्या घरांना वाटला. फोन समोर धरला की धडा उघडणार.

तिच्या वर्गातल्या वैभवीचे वडील भाऊसिंग कागद उलटसुलट पाहून म्हणाले होते, "मॅडम, किराण्याच्या दुकानात असाच चौकोन हाय. याच्यानं पैसे त नाही कटत?"

"कटले तर माझ्या पगारातून घ्या," निता म्हणाली. सगळे हसले होते.

दसऱ्याला दोन महिने होऊन गेले. परवा ती शाळेतून आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"काकू, त्या कोडमधून भलतंच उघडून राह्यलं."

वर्गात मुलांना दाखवायला तिने कोडसमोर फोन धरला, तर धड्याऐवजी 'तुम्हाला बक्षीस लागले आहे' असं पान आलं. खाली बँकेचा पिन मागितलेला. ती फुकट सेवा बंद पडली होती आणि तिचा इंटरनेटवरचा पत्ता कोणा लुबाडणाऱ्याने घेतला होता. कागदावरचा कोड मात्र तोच, तिच्या हाताने दिलेला.

"मॅडमनं दिला म्हणजे ते पिनसुद्धा टाकतील," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास हाय त्यांचा."

कागद नेलेल्या एकेका घराला तिने फोन लावला. कोणी कागद उघडलाच नव्हता, कोणी पान पाहून घाबरून बंद केलं होतं. राहिलं भाऊसिंगांचं घर. त्यांचा फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. आईबाप फडात असताना फोन वैभवीजवळ, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत असतो. नऊ वर्षांची पोर. बक्षीस म्हटल्यावर ती काय करेल, हे मला विचारवेना. मी चहा ठेवला. तो उकळून आटला, तरी दोघींच्या लक्षात आलं नाही.

दिवेलागणीला फोन उचलला गेला.

"वैभवी, तो कागद उघडला होता का तू?"

निताने माझं मनगट धरलं.

"बोल बाळा. काही टाकलं का त्यात?"

"रागावसान, मॅडम."

"नाही रागावत."

पोरीने फोन आईकडे दिला. रुपाबाई हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, चूक आमची हाय. शाळेचा कागद, म्हणून दसऱ्याले पाटीसंगं त्यालेबी पुजलं. ओल्या हळदीचं बोट फिरवलं, वरतून कुंकू. मंग फोन धरून धरून पाह्यला, तो उघडूनच नाही राह्यला. पुसाले गेलो त फाटला. तुमी चिडसान म्हणून सांगतलं नाही."

निता भिंतीला टेकून खालीच बसली. "बरं केलं, बाई," ती म्हणाली. मग तिने सगळं समजावून सांगितलं, कागद चुलीत टाकायला लावला आणि फोन पुन्हा वैभवीला द्यायला सांगितलं.

"मग दसऱ्यापासून तू काहीच शिकली नाही?"

"नाही, मॅडम."

"साताचा पाढा म्हण."

सात चोक अठ्ठावीसपर्यंत आवाज आला. मग नुसता वारा ऐकू येत राहिला. कागद हातात पडला तेव्हा या पोरीला बारापर्यंतचे पाढे पाठ होते. निताच्या चेहऱ्यावर मघाची भीती पुन्हा उमटलेली मला दिसली.

"सात पंचे पस्तीस," ती म्हणाली. "म्हण माझ्यामागे."