भावोजींचं नाक

आमचे भावोजी हॉटेलात कधी आधी पुढच्या दाराने शिरले नाहीत. डिचोलीच्या बसस्टँडाजवळ आम्ही सगळे हॉटेलासमोर उभे, पोरं भुकेने कावलेली, ताई इकडेतिकडे बघतेय आणि भावोजी गायब. ते मागच्या बाजूला गेलेले असायचे, जिथे भांडी घासतात आणि माशांची खवलं टाकतात. दोन मिनिटांनी परत येऊन एकतर मान हलवायचे, म्हणजे चला आत. नाहीतर काही न बोलता पुढच्या हॉटेलाकडे चालू लागायचे. मी चिडायचे. एकदा विचारलंच, की गिऱ्हाईक आहात का फूड इन्स्पेक्टर? तर म्हणाले, "बाय, फुडला दार मालकाचा. पाठला दार जेवणाचा." त्या दिवशी तिसऱ्या हॉटेलात जेवायला मिळालं. जेवण फार चांगलं होतं, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराणं मूळचं सावंतवाडीकडचं. आजोबा खाणीवर मजुरीला म्हणून आले आणि कारापूरला राहिले ते राहिलेच. भावोजी खाणीचा ट्रक चालवायचे. दिवसभर तांबड्या धुळीत, संध्याकाळी आंघोळीचं पाणीसुद्धा लाल. त्या धुळीत दुसऱ्याचं नाक कधीच निकामी झालं असतं. पण दुपारी ट्रकांच्या रांगेत डबे निघाले की भावोजी झाकण न उघडता सांगायचे, की हा तिसऱ्यांचा, हा सुक्या सुंगटांचा म्हणजे सुक्या कोळंबीचा, आणि ह्या बिचाऱ्याला बायकोने कालच्या आमटीला फोडणी देऊन पाठवलंय. त्यामुळे त्यांच्याशेजारी बसून जेवायला कोणी फारसं उत्सुक नसे.

बुधवारी डिचोलीचा बाजार. मी सर्वणला राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. शाळा सुटली की मी बाजारात भावोजींना गाठायची, कारण माझी मासळी तेच निवडून द्यायचे. शाळेत मी चाळीस पोरांना धाकात ठेवते, पण मासळीबाजारात भावोजींपुढे माझी बिगरीतली पोर व्हायची. "डोळे कसले बघतंस? डोळे बर्फातय चकचकीत ऱ्हवतत. कल्लो उघड आणि हुंग." मी नाक लांबून नेलं की म्हणायचे, "बांगडो चावणा नाय तुका." दर्याचा वास आणि मासळीचा वास यांत फरक असतो, ताज्या माशाला दर्याचा येतो, एवढं मी त्यांच्याकडून शिकले. कोळणी त्यांना बघून कपाळाला हात लावायच्या, पण खालच्या टोपलीतला चांगला माल त्यांच्यासाठीच वर यायचा. घरी सकाळी पाववाला पोदेर पोय, म्हणजे गव्हाचा गोल पाव, घेऊन आला की ती उलटी करून हुंगायचे आणि आज भट्टीत लाकडं ओली होती म्हणून त्यालाच सांगायचे. पोदेराने कधी नाही म्हटलं नाही, कारण ती ओलीच असायची.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या चाकांवर वेल चढला आणि शेवटी तो भंगारात गेला. चाळिशी उलटलेल्या भावोजींना पेडण्याकडे किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात वेटरची नोकरी मिळाली. पांढरा शर्ट, काळी पँट, रोज हॉटेलची बस. आम्ही खूप हसलो. कारण भावोजींच्या घशाखाली आयुष्यात दारूचा थेंब गेला नव्हता. त्यांचे वडील दारूने गेले होते, आणि आईने नऊ वर्षांच्या भावोजींना ग्रामदेवाच्या पुढे उभं करून, नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून शपथ घ्यायला लावली होती. ती त्यांनी पाळली. ट्रकवाल्यांच्या संगतीत वीस वर्षं राहून पाळली, म्हणजे बघा.

हॉटेलात एकदा वाइन कशी वाढायची ते शिकवायला मुंबईहून एक बाई आल्या. सहा बाटल्या उघडल्या, सगळे वेटर घोट घोट घेऊन माना डोलावू लागले. भावोजींनी नुसती नाकाशी धरून पाहिली आणि चौथ्या बाटलीला म्हणाले, हिला भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. बाईंनी ती हुंगली, पुन्हा हुंगली, आणि चष्मा काढून भावोजींकडे बघत राहिल्या. बुचामुळे बाटली बिघडली की नेमका तसाच वास येतो म्हणे. तेव्हापासून त्या हॉटेलात नियमच झाला, की कुठलीही बाटली भावोजींच्या नाकाखालून गेल्याशिवाय टेबलावर जायची नाही. वेटरचे ते वाइनवाले झाले.

पण नियम लागू होण्याआधी भावोजींनी दोन दिवसांची रजा काढली. देवाला विचारायला. आमच्याकडे असं काही अडलं की देवळात कौल घेतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतात; उजवी पाकळी पडली तर देवाचं होय, डावी पडली तर नाही. भावोजींनी विचारलं, की शपथ पिण्याची आहे, पोटासाठी हुंगलं तर चालेल का? उजवी पाकळी पडली. ताईने गूळखोबरं वाटलं. मी मात्र आठवडाभर त्यांना चिडवलं, की देवानेही वाइनचा वास घेऊनच निकाल दिला असणार.

त्यानंतरची सात-आठ वर्षं भावोजी फार सुखात होते. त्यांची मतं वाढली. "बर्फात ठेवलास की वास निजता," म्हणून पांढरी वाइन बर्फातून लवकर काढायचे. पेला कोणी जास्त भरला की कळवळायचे, "कोप काठोकाठ भरलो तर वासान बसूचा खंय?" एक रीत त्यांनी सगळ्या नव्या पोरांना शिकवली. बाटली उघडली की यजमानाला आधी घोटभर चाखायला देतात, त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. "अर्ध्या लोकांक काय कळणा नाय. आणि कळणा नाय ह्या सांगूक लाज वाटता. आपण मेजाच्या कपड्याकडे बघूचा. तेवढ्यात तो आपली मान हालवता." मला त्यांचं हे फार आवडायचं. परीक्षेच्या वेळी मीही मुलांच्या तोंडाकडे बघत नाही, ते तिथूनच आलंय.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत भावोजी आजारी पडले. ताप चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी ताईने फोन केला. त्यांनी सकाळी पोय उलटी केली, नाकाशी नेली, पुन्हा नेली आणि ताटात ठेवून उठून गेले.

काहींचा वास लगेच परत येतो, काहींना वेळ लागतो, असं म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं. चार वस्तू रोज दोनदा हुंगायच्या, म्हणजे नाकाला आठवण राहते. भावोजींनी चार डब्या केल्या: लवंग, लिंबाची साल, कॉफी आणि चौथीत स्वतःच्या मनाने सुकी सुंगटं. डब्या खिडकीत ओळीने. सकाळी पूजा झाली की एकेक उघडून डोळे मिटून हुंगायचे, संध्याकाळी पुन्हा. "काय येता?" ताई विचारायची. "येतलो," ते म्हणायचे. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. एकदा ताई आमटीत मीठ घालायला विसरली. भावोजी दोन वाढी जेवले आणि बरी झाली म्हणाले. ताई आत जाऊन रडली. ते तिच्यासाठी खोटं बोलले, की त्यांना खरोखरच कळलं नाही, ते तिने विचारलं नाही.

हॉटेलात त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बाटली उघडायची, नाकाशी धरायची, नेहमीसारखे डोळे मिटायचे. आणि मग घोटभर ओतल्यावर ते माणसाच्या तोंडाकडे बघायचे. त्यांनी हे मला एका बुधवारी बाजारात सांगितलं, बांगड्याची टोपली समोर असताना. "गिऱ्हायकाच्या कपाळाक आठी पडता काय ती बघतंय. चोरासारखो." मी बांगड्याचा कल्ला उघडून हुंगला आणि चांगला आहे म्हणून सांगितलं. त्यांनी तो माझ्या हातून घेऊन पुन्हा नाकाशी नेला. सवय.

पुण्याचे एक म्हातारे गृहस्थ दरवर्षी बायकोसोबत त्या हॉटेलात यायचे, भावोजींना नावाने ओळखायचे. एकदा त्यांच्या टेबलावर बिघडलेली बाटली गेली. त्यांनी घोट घेतला, भावोजींकडे पाहिलं, मान हलवली आणि दोघं नवराबायको ती बाटली निमूट प्यायली. भावोजींचा अपमान नको म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरला काळजीने विचारलं, की तुमच्या माणसाची तब्येत बरी आहे ना? चांगुलपणानेच विचारलं. मॅनेजरही वाईट माणूस नव्हता. त्याने भावोजींना बोलावून सांगितलं, सोमवारी तीन पेले ठेवतो, त्यातला बिघडलेला ओळखा. ओळखलात तर विषय संपला. नाही तर वाइन सोडा, सामानाच्या ट्रॉलीवर या.

आता इथून पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं.

भावोजींची जीभ अगदीच मेली नव्हती. मीठ कळायचं नाही, पण आंबट थोडं कळायचं, लिंबाचा थेंब ठेवला तर. मी म्हटलं, मग चाखा की. बिघडलेली वाइन आंबटच लागणार. एक घोट घ्या आणि थुंकून टाका. माझा शाळामास्तरणीचा तर्क. वाइनमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. भावोजी म्हणाले, "तोंडात घेतला म्हणजे घेतला गो. थुंकलंय म्हणान शपथ ऱ्हवता?" मी ऐकेना. नोकरी जाईल, पोरं शिकताहेत, पन्नाशी गाठलेल्या माणसाने ट्रॉल्या ओढायच्या का, देवाला एवढंही कळत नाही का? शेवटी म्हणाले, मग देवालाच विचारूया.

रविवारी आम्ही तिघं देवळात गेलो. भटजींनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काहीच पडेना. समईची वात दोनदा सारावी लागली. मग डावी पाकळी पडली. भावोजींनी हात जोडले आणि वळले, त्यांच्या चेहऱ्यावर खरं तर सुटका होती. आणि मी, देवळाच्या पायरीवर, चपला घालता घालता म्हणाले, "भावोजी, पंखा चालू होता. वाऱ्याने पडली असेल." पंखा चालू होता, हे खरं. पण तो उजव्या पाकळीच्या वेळीही चालूच असणार. भावोजी माझ्याकडे बघत राहिले. बुडणारा माणूस ज्याच्यात त्याच्यात दोरी बघतो. माझ्या बोलण्यात त्यांनी ती पाहिली.

सोमवारी ते हॉटेलच्या बसने परत आले तेव्हा मी ताईकडेच होते. वहाणा काढल्या, पाय धुतले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. ताईने पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"चाखलंय," ते म्हणाले. "पयल्यांदा हुंगलंय, काय नाय. मगे चाखलंय. तिनय."

"मग?"

"पाणी गो बाय. तिनय पाणी."

अंदाजाने एका पेल्यावर बोट ठेवलं होतं. चुकलं. मॅनेजरने खांद्यावर हात ठेवला, एवढंच भावोजींनी सांगितलं. नऊ वर्षांचं पोर असताना दिलेला शब्द चाळीस वर्षांहून जास्त पाळला, आणि तो मोडून तोंडात साधी दारूची चवसुद्धा आली नाही. मला हे लिहितानाही माझा राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली आणि भावोजी डब्यांकडे गेलेच नाहीत. आठवडा गेला तसं मी म्हटलं, अहो, डॉक्टरांनी थांबवायला कुठे सांगितलंय? त्यांनी शांतपणे सांगितलं, "देवान नको म्हटलान, तरी केलंय. आता तो वास परत कशाक देतलो?" मी विज्ञान सांगितलं, मज्जातंतू सांगितले, पंखा सांगितला. चूक माझी आहे, शिक्षा झालीच असेल तर मला व्हायला हवी, असंही सांगितलं. ते हसले. "तुझा नाक घेवन देव काय करतलो गो."

आता भावोजी ट्रॉलीवर आहेत. मोपाच्या विमानतळावरून पाहुणे येतात, त्यांचं सामान खोलीपर्यंत नेतात. तक्रार नाही, आजारपण नाही. ताई जे वाढेल ते जेवतात आणि बरा झाला म्हणतात. लवंगा ताईने मसाल्यात घातल्या, सुंगटांची खोबरं घालून किसमूर, म्हणजे कोशिंबीर, केली. डब्यांत आता मोहरी-जिरं असतं. मध्ये भाचीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे डिचोलीला जेवायला गेलो. मी मुद्दाम मागे रेंगाळले. भावोजी सरळ पुढच्या दाराने आत गेले आणि पहिल्या रिकाम्या टेबलाशी बसले. मग मीच मागे जाऊन हुंगून आले.

बुधवारी बाजारात मात्र अजून येतात, पिशवी धरायला. मी कल्ला उघडते, नाक अगदी जवळ नेते, त्यांनी शिकवलं तसं. गेल्या बुधवारी बांगडा खरंच चांगला होता, वास मासळीचा नव्हे, दर्याचा. मी तो त्यांच्यापुढे धरला. आता ते घेतील, नाकाशी नेतील, निदान सवयीने, असं मला वाटलं. अजून वाटतं.

"ताजा आहे भावोजी," मी म्हटलं. "बघा तरी."

त्यांनी पिशवीचं तोंड उघडून पुढे केलं. "तू म्हणतंस तर असतलो."