मराठीत काय होईल?
कुणाकडे दाणे भाजल्याचा वास आला की मला मुलुंडमधलं आमच्या फ्रेंचच्या बाईंचं स्वयंपाकघर आठवतं. वरच्या परीक्षेला आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि मरोळहून येणारा माझा मित्र. त्याचा व्हिसा आला होता. पंधरा दिवसांत तो फ्रान्सला चालला होता. त्या संध्याकाळी बाई कढईत दाणे परतत क्रियापदाचं एक जुनं रूप शिकवत होत्या, भूतकाळातली इच्छा सांगणारं. "वाक्य कर गं," त्या मला म्हणाल्या. माझ्या तोंडून निघालं, "ज वुले क त्यु रेस्तास." "बरोबर. पण असं आता फ्रान्समध्येही कोणी बोलत नाही," बाई हसल्या. त्याने दाणे सोलता सोलता विचारलं, "मराठीत काय होईल गं?" तू थांबावंस असं मला वाटत होतं, एवढंच तर होतं. मी म्हटलं, "व्याकरणाचं वाक्य आहे रे, सोड ना." त्याने सोडलं, आणि गेला. आता त्याची मुलगी फोनवर माझ्याशी फ्रेंचमध्ये गप्पा मारते, आणि तो मागून हसत ओरडतो, "यार, तुझं फ्रेंच एवढं जुनाट कसं?" मी ऐकू न आल्यासारखं करते आणि तिला शाळेचं विचारत राहते.