मोहाखालची मरळ

लग्न होऊन दीड वर्ष झालं तरी माझ्या बायकोनं माझ्याकडं काही म्हणता काही मागितलं नव्हतं. ना लुगडं, ना बांगडी. आणि मागितलं तेव्हा काय मागितलं, तर मरळ.

आपलं मराठी राज्य नवं झालं त्याच्या पुढच्या चैत्रातली ही गोष्ट. बोरी अरबपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. दोन खोल्यांत आम्ही दोघं. तिला चौथा महिना लागला होता आणि तीन आठवड्यांपासून तिच्या पोटात काहीच ठरत नव्हतं. भाकरी नाही, वरण नाही, ताकसुद्धा नाही. शेजारी फोडणी पडली तरी ही तोंडाला पदर लावून अंगणात धावायची. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. वैद्यानं पुड्या दिल्या, त्याही उलटून पडल्या. मग एका सकाळी भिंतीला टेकून बसल्या बसल्या ती हळूच म्हणाली, मरळीचा रस्सा मिळाला तर जाईल बहुतेक. तिचं माहेर फुलसावंगीच्या पलीकडं, पैनगंगेच्या अंगाला. मासोळीवर वाढलेली पोर ती. माझ्या घरात मासा कधी शिजला नव्हता, पण त्या घडीला तिनं वाघिणीचं दूध मागितलं असतं तरी मी तांब्या घेऊन निघालो असतो.

बाजारात मरळ येईना. दोन बाजार मी रिकाम्या पिशवीनं परत आलो आणि दोन्ही वेळा तिनं पिशवीकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मला माझाच राग आला. मग कोणीतरी भोईपुऱ्यातल्या एका गड्याचं नाव सुचवलं. माझ्याच वयाचा होता. रविवारी यवतमाळहून हौशी साहेबलोक यायचे, त्यांना हा डोंग्यात बसवायचा, म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेल्या होडीत, आणि गावाजवळच्या तलावात मासा कुठं आहे ते नेमकं दाखवायचा. अट एकच. गरी, म्हणजे गळाची काठी, तुम्ही धरायची. तो स्वतः गळाला हात लावत नसे. मला वाटलं, साहेबांच्या संगतीनं गडी माजला. तरी गेलो. मरळ पाहिजे एवढंच सांगितलं. कशाला पाहिजे ते सांगायची लाज वाटली. नव्या नवऱ्याला तेव्हा अशा गोष्टींची फार लाज वाटायची बाप्पा.

रविवारी उजाडताना आम्ही निघालो. तलावाच्या पल्याडच्या काठावर मोहाची तीन झाडं पाण्यावर वाकलेली होती. खाली जायला वाट नव्हती, नुसती काटेरी झुडपं, म्हणून डोंग्यानंच जावं लागे. त्यानं बांबू टेकत टेकत डोंगा असा नेला की पाण्याला कळलंसुद्धा नसेल. मोहाची फुलं टपटप पाण्यात पडत होती आणि साऱ्या काठाला गोडसर, आंबूस वास सुटला होता. तो कुजबुजत मला समजावत होता. फुलांवर बारकी मासोळी येते, बारक्या मासोळीवर मरळ येते. मोह गळतो तेवढे दहा-बारा दिवसच. पुन्हा वर्षभर हाका मारा.

आणि मग मी पाहिलं. फुलांच्या त्या पिवळट चादरीखाली पाणी नुसतं वळवळत होतं. मधूनच एखादं काळं, जाडजूड अंग उलटायचं, फटकन आवाज व्हायचा आणि फुलं चहूकडं पांगायची. माझं हृदय असं उडायला लागलं की ते मासोळीलाही ऐकू जाईल असं वाटलं. त्यानं गळाला बारकी मासोळी लावून घ्यायला शिकवलं, गरी माझ्या हातात दिली, कुठं टाकायची ती जागा बोटानं दाखवली. मी हात वर उचलला, आणि त्या आनंदात तोंडातून निघून गेलं, की आज माझी बायको जेवणार, चौथा महिना आहे आणि तीन आठवडे उपाशी आहे बिचारी.

त्यानं हात पुढं करून माझ्या हातातली गरी काढून घेतली आणि डोंग्यात आडवी ठेवली.

घरची बाई दोन जिवाची असताना नवऱ्यानं जीव मारायचा नाही, असं त्याचं म्हणणं. आमच्याही घरात हे मी लहानपणी ऐकलं होतं. बाप होणाऱ्यानं साप मारू नये, कोंबडी कापू नये. पण मी पडलो मास्तर. भडकलो. ही सगळी खुळं आहेत म्हणालो, माणूस उपाशी मरतंय आणि तुम्हाला रीतभात सुचते म्हणालो. शेवटी मी म्हणालो, ठीक आहे, मग तू धर गरी, तुला काय झालं?

तो पाण्याकडं पाहत म्हणाला, "मले बी जमत नाही, मास्तर. घरी पाचवा हाय."

मग त्यानं सांगितलं. आदल्या साली बायको अशीच दोन जिवाची होती आणि हा गरी टाकत राहिला. लोकांनी टोकलं तर हसला. पोरगं झालं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. त्या दिवसापासून त्यानं गळ हातात धरला नव्हता. मासा दाखवायचा, पण मारायचा नाही. तापानं मूल जातं, गळानं जात नाही, हे मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आणि खरं सांगायचं तर, माझा स्वतःचा हातही आता त्या गरीकडं जाईना. घरी भिंतीला टेकून बसलेली ती दिसायला लागली.

मग काय! दोन धडधाकट बाप्ये डोंग्यात तोंडाला तोंड देऊन बसलेले आणि भोवती मरळी उड्या मारून राहिलेल्या. एकीनं तर इतक्या जवळून उसळी घेतली की माझ्या सदऱ्यावर पाणी उडालं. मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं पाहिलं. एवढ्या दुःखात असूनही आम्हाला हसू फुटलं. ते काही केल्या आवरेना.

तेवढ्यात काठावरून आवाज आला, "काहून रे, नवरा-नवरीवानी बसून राह्यले?"

त्याची आई. डोक्यावर टोपलं घेऊन झुडपांतून वाट काढत मोहफुलं वेचायला आलेली. सत्तरीची तरी असेल, पण काटक. त्यानं खालच्या मानेनं सारं सांगितलं. तिनं टोपलं तिथंच ठेवलं, लुगड्याचा काचा घट्ट केला आणि गुडघाभर पाण्यातून येऊन डोंग्यात चढली. आम्हाला दोघांना मागच्या टोकाला सरकवलं. "मी कोणाचा नवरा नाही," म्हणाली आणि गरी उचलली.

माझ्या जन्मात मी तशी मासेमारी पाहिली नाही. गरी टाकताना पाण्याचा टिपूससुद्धा उडाला नाही. एकदा ओढ आली, तिनं सोडून दिली. बारकी आहे म्हणाली, वाढू द्या. दुसऱ्यांदा लेकाला म्हणाली, डोंगा डावीकडं घे. मला म्हणाली, मास्तर, श्वास घ्यायला हरकत नाही. तिसऱ्या वेळी गरी वाकली ती वाकलीच. डोंगा एका अंगाला कलला, मी काठ पकडून देवाचं नाव घेतलं, आणि माझ्या हाताएवढी लांब, चितकबऱ्या पोटाची मरळ धाडकन माझ्या मांडीवर येऊन पडली. मी तिला मिठी मारून बसलो. मारली नाही, नुसती धरली. तेवढं चालतं, असं बुढीनंच सांगितलं.

ती म्हणाली, बायकोला आमच्याकडंच घेऊन ये, वास तिच्या घरात नको. आपल्या अंगणात, उघड्यावर चूल मांडून बुढीनं रस्सा केला. तेल थेंबभर, भाजलेली मिरची, जवस, बाकी काही नाही. एक मासा, दोघींसाठी. सून आणि माझी बायको एका गोणपाटावर शेजारी शेजारी बसल्या. मी आणि तो भिंतीपाशी उभे. बायकोनं भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटले. मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. ती उठली नाही. दुसरा घास घेतला. मग तिसरा. चवथ्या घासाला तिनं वाटी पुढं केली आणि बुढीला म्हणाली, "माय, अजून थोडा वाढ."

मी भिंतीकडं तोंड करून रडलो. लाज कसली त्यात. मास्तरची बायको भोयाच्या अंगणात जेवली म्हणून गावात चार दिवस कुजबुज झाली, ती मी कानाआड केली. पाचव्या दिवसापासून ती वरण-भाकरही खायला लागली. त्या रश्श्यावर पोसलेली माझी लेक आज माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलते.

श्रावणात बायको माहेरी गेली होती. दुपारी मी वर्गात पाढे म्हणून घेत होतो. बारा सत्ते चौऱ्याऐंशीला पोरांचा आवाज एकदम थांबला. दारात तो उभा. कमरेपर्यंत भिजलेला, पायाला चिखल, धावून धावून दम लागलेला. हातात एक मासोळी, जेमतेम वीतभर, अजून तडफडत होती. एवढ्या बारक्या मासोळीला तर त्याच्या घरी कोणी हात लावला नसता. मी काहीतरी विचारणार, तेवढ्यात तिच्या तोंडात गळ दिसला. दोराही तसाच लोंबत होता.

"कोणी धरली?" मी विचारलं. तरी विचारलंच.

"म्या," तो म्हणाला. "पहिली लागली तीच घेऊन पयत आलो. पोरगी झाली, मास्तर. आज बारावा दिवस."

मी फळा पुसला आणि शाळेला सुट्टी देऊन टाकली.