बाटलीवर न लिहिलेलं सीरम

सुनंदा गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. प्रयोगशाळेतल्या आम्हा जुन्या मंडळींचा एक ग्रुप आहे; एरवी तिथे गुडघेदुखीवरचे उपाय आणि नातवंडांचे फोटो येतात. त्या सकाळी 'सुनंदा गायकवाड हार्ट अटॅकने गेली' एवढीच ओळ आली आणि खाली भराभर जोडलेले हात. मीही तसेच टाकले आणि पोळ्या लाटायला गेले. तिसरी पोळी करपली तेव्हा गॅस बंद करून तिथेच फरशीवर बसले. दीड महिना झाला त्याला. तेव्हापासून हे लिहायचं टाळते आहे, आणि टाळण्यात माझा हात धरणारं पुण्यात कुणी नाही.

तीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघी कर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत शेजारी बसायचो. ती खडकीहून सायकलने यायची. वडील फिटर, घरातली पहिली एमएस्सी तीच. मी शनिवार पेठेतली, घरात तीन प्राध्यापक, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा जन्मजात समज. डबा मात्र दोघींचा एकत्र. तिच्या आईच्या हातची सुकटीची चटणी मी घरी न सांगता खायचे.

आमचं काम असं होतं. पेशीला वाढायला, एकीच्या दोन व्हायला पॉलिअमाइन नावाचे छोटे रेणू लागतात. ते ती स्वतः बनवते. गाठीतली पेशी तर हपापल्यासारखी बनवते. हे उत्पादन बंद पाडणारं औषध आम्ही पेशींना द्यायचो. दोन-तीन दिवसांत वाढ थंडावायची. मरायच्या नाहीत हं, नुसत्या बसून राहायच्या. मग खात्रीसाठी त्यातलाच एक रेणू, स्पर्मिन, बाहेरून द्यायचा. पेशी पुन्हा वाढू लागल्या, की औषधाने नेमकी तीच वाट अडवली होती हे नक्की. हा शेवटचा भाग सुनंदाचा. आधी दोनदा तिला तो झकास जमला होता. आणि अचानक, स्पर्मिन घातलं की वाढायच्या ऐवजी पेशी मरायलाच लागल्या. तिने तीनदा केलं, तीनदा मेल्या. आमच्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, "सर, तिचा हात चुकतोय. वजन करताना गडबड करते ती."

सरांना पटायला वेळ लागला नाही. का लागला नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. सुनंदाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तराजू पुसायला घेतला. तिच्या फेलोशिपची मुदत पुढे वाढवली नाही. तिचं काम माझ्याकडे आलं.

मी प्रयोग केला. माझ्याही पेशी मेल्या. तेव्हा मात्र आपला हात चुकतोय असं मला मुळीच वाटलं नाही! मी सरळ ग्रंथालय गाठलं. एका जुन्या लेखात उत्तर होतं: वासराच्या रक्तातून काढलेल्या सीरममध्ये एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते स्पर्मिनचं विष करून टाकतं. घोड्याच्या सीरममध्ये ते फारसं नसतं... आणि सीरम घालून पेशी ज्यात वाढवायच्या तो द्रव सगळ्यांसाठी मीच बनवायचे. सुनंदाच्या पेशी मरायला लागल्या त्याच्या जरा आधी घोड्याचं सीरम संपलं होतं, नवं येईना, म्हणून मी वासराचं घातलं. बाटलीवरची चिठ्ठी बदलली नाही. कंटाळा, दुसरं काय. ते विकर अडवणारा पदार्थ घातल्यावर पेशी छान वाढल्या आणि माझी पीएचडी झाली. सरांना मी एवढंच सांगितलं की सीरमचा प्रश्न होता. सीरम कुणी बदललं हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सुनंदा लोणी काळभोरला कॉलेजात शिकवायला लागली. मैत्री टिकली, म्हणजे तिने टिकवली. माझ्या मुलीच्या लग्नात ती पंगतीत वाढत होती. गेल्या वर्षी घरी आली, चहा झाला, आणि पायरीवर चप्पल घालता घालता म्हणाली, "अगं, माझ्या त्या पेशी का मेल्या असतील गं?"

मी म्हटलं, "कोण जाणे. किती जुनी गोष्ट ती."

"हो ना," म्हणाली, आणि गेली. पुन्हा भेट नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्या कॉलेजात गेले. प्रयोगशाळेतले सहायक पोपटराव यांनी कपाट दाखवलं, फ्रिज उघडला. प्रत्येक बाटलीवर तिचं अक्षर: आत काय, कधी केलं, कुणी केलं. मी म्हटलं, फार काटेकोर होत्या बाई. पोपटराव म्हणाले, "व्हत्याच. दरसाली पयल्या प्रॅक्टिकलला पोरांना ती गोष्ट सांगायच्या. घोड्याचं संपलं, मैत्रिणीनं वासराचं घातलं, आन् चिठ्ठी तीच ऱ्हायली."

कधीपासून सांगायच्या, मी विचारलं. ते म्हणाले, मला इथे लागून वीस वर्षं झाली, तेव्हापासून ऐकतोय.

वीस वर्षं. माझा प्रबंध तिने वाचला असणार, आणि द्रव कोण बनवायचं हे तिला माहीतच होतं. म्हणजे गेल्या वर्षी माझ्या पायरीवर उभी राहून ती विचारत होती, तेव्हा तिला उत्तर ठाऊक होतं. ते तिला माझ्या तोंडून हवं होतं, आणि मी तिला साधं तेवढंही दिलं नाही.

"पोरं इचारायची, कोन ओ ती मैत्रीण," पोपटराव सांगत होते. "मॅडम म्हनायच्या, नाव तिचं तिनंच सांगायचं, मी न्हाई."

मी फ्रिजचं दार लावलं.

"माधवी," मी म्हटलं. "माधवी म्हणजे मी."