बैलांपुढच्या भाकरी

यंदा सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी मांडवात कमिटीची बैठक बसली होती. अवकाळी पावसाने ऊसतोड थांबलेली. उसाच्या फडात बैलगाडी शिरत नाही, म्हणून ओढ्याकाठच्या पाचटाच्या कोप्यांतले पाथर्डीकडचे मजूर बसून आहेत. उरलेला शिधा तिकडे पाठवू, असे एकजण म्हणाला. त्यावर आमचा पुढारी हसत म्हणाला, "कशाला? मागं भाकरी दिल्या तर बैलांपुढं टाकल्या त्यांनी!"

सगळे हसले. हे वाक्य माझे आहे. लॉकडाऊनमध्ये मीच ते गावात सांगितले, आणि अर्धेच सांगितले.

तेव्हा कमिटीचा अध्यक्ष मी होतो. आमच्या सप्ताहात घरोघरच्या भाकरी गोळा होतात. ट्रॉलीत ताडपत्री अंथरायची, गरम भाकरींच्या चळती लावायच्या, वरून दुसरी ताडपत्री टाकायची. लगेच पंगत बसते, सगळे संपते. रस्ते बंद होऊन मजूर अडकले तेव्हा आम्ही हीच रीत लावली. संध्याकाळी ट्रॉली भरली. पण नारळ फोडायला हा पुढारी यायचा होता. तो आला दुसऱ्या दिवशी, उन्हे चांगली वर आल्यावर. चैत्रातले ऊन. ताडपत्री उचलली तशी आंबूस वाफ तोंडावर आली. ती मला आली तशी त्यालाही आली. मी म्हणालो, "चला, फोडा नारळ."

कोप्यांपाशी एका बाईने भाकरी हातात घेतली, मोडली, आमच्यापुढे धरली.

"बाबा, तार सुटलीय हिला. पोरं आजारी पडतील. आमाला पीठ द्या ना. चुली हायेत, आमी थापू."

"पीठ!" पुढारी म्हणाला. "उद्या म्हणशील तूपबी द्या. पीठ विकून बिड्या ओढताल तुमी."

विकणार कुठे? तालुक्यातली दुकाने बंद होती. तरी आम्ही हसलो. एवढी मोठी माणसे, एका भुकेल्या बाईसमोर दात काढत उभी होतो.

संध्याकाळी त्याच भाकरी मला बैलांच्या पाटीत दिसल्या. माणसांना चालणार नाहीत म्हणून जनावरांना घातल्या, यात त्यांचे काय चुकले? पण मी पारावर येऊन सांगितले, "आपल्या आयाबहिणींच्या हातच्या भाकरी बैलांना घालतायत." आंबल्याचे सांगितले असते तर रात्रभर ट्रॉली का उभी ठेवली, हे सांगावे लागले असते. दुसऱ्या दिवसापासून गावाने देणे थांबवले. पुढे त्यांना गावी न्यायला गाड्या सुटेपर्यंत त्यांच्या बायका बांधावरची घोळीची भाजी खुडताना दिसायच्या. मी मोटारसायकल थांबवत नसे.

आणि परवा तेच वाक्य पुन्हा तशाच माणसांच्या तोंडचा घास काढायला निघाले होते. मी उठलो.

"त्या भाकरी आंबल्या होत्या. तुझ्या नारळापायी. आणि मला माहीत होतं."

पुढारी क्षणभर गोंधळला, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आप्पा, बसा. उद्या काला आहे. देवाच्या दारात वाद नको."

"देवाच्या दारातच खोटं बोललो ना आपण?"

"वय झालं आप्पांचं," मागून कुणीतरी म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला. शिध्याचा विषय तिथेच संपला. काल्याला जेवणावळी उठल्या, पुढाऱ्याचा सत्कार झाला. ओढ्याकडे कुणी गेले नाही.

त्या बाईचे नाव मी विचारले नव्हते. ती यंदा त्या कोप्यांत आहे की नाही, ठाऊक नाही. असली तर मला ओळखेल, आणि तोंडावर थुंकली तरी मी काही बोलणार नाही. पण मजुरांना अन्नाची किंमत नाही, असे यापुढे गावात कुणी म्हणाले, तर हा कागद त्याच्यापुढे धरा.

घरातली बाजरी गिरणीवर टाकून आलो आहे. संध्याकाळी पीठ घेऊन मी एकटा जाणार आहे. नारळ फोडायला कुणी यायचे नाही.